जुनी गाडी एका बाजूला ओढत असेल तर: अलाइनमेंटच्या आधी काय तपासायचं

दिवाळीनंतर भाचीनं वाईतून एक जुनी हॅचबॅक घेतली, २०१५ सालची. घरातली पहिली गाडी. महिन्याभरात तिचा फोन आला. “मामा, गाडी डावीकडे ओढतेय. दोनदा अलाइनमेंट करून झालं, काही फरक नाही.”

“ओढते म्हणजे कधी? नुसती चालताना की ब्रेक मारल्यावर?”

ती जरा थांबली. “तसं काही बघितलं नाही मी.”

“अलाइनमेंटवाल्यानं टायर बघितले? चाकं उचलून हातानं फिरवली?”

“नाही. गाडी मशीनवर चढवली, स्टेअरिंग सरळ करून दिलं, पैसे घेतले.”

मित्रांच्या, नातेवाइकांच्या जुन्या गाड्या बघायला मी बरीच वर्षं जातो आणि थोड्याफार फरकानं हेच बोलणं दरवेळी होतं. म्हणून पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सगळं क्रमानं लिहून काढतोय. यात क्रमालाच महत्त्व आहे: आधी रस्ता, मग हवा, टायर, ब्रेक, सांधे आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवणं. हवा कमी आहे, बुश (सांध्यातलं रबर) फाटलाय, ब्रेक धरून राहतोय, अशा गाडीचं माप मशीन बरोबर घेईल, पण ते माप बिघडलेल्या गाडीचं असेल. त्यावर केलेली सेटिंग पुढे बुश बदलला की वाया जाते.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं ट्रायल मारा. एका दुपारीत हवा, टायर आणि अलाइनमेंट तिन्ही उरकलं आणि ओढ गेली, तरी ती कशानं गेली हे कळत नाही. दोन महिन्यांनी ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी नीट ओळखा, नेमकं होतंय काय

“गाडी ओढते” असं म्हणून लोक तीन वेगवेगळी दुखणी सांगतात.

पहिलं, खरी ओढ. स्टेअरिंगवरची पकड सैल केली की गाडी एका बाजूला निघते आणि सरळ ठेवायला हाताला सतत थोडा जोर द्यावा लागतो. पुण्याहून साताऱ्याला येईपर्यंत एक खांदा भरून येतो, ती ही ओढ.

दुसरं, गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग तिरकं राहतं. हाताला जोर नाही, फक्त मधली पट्टी सरळ आडवी राहण्याऐवजी तिरकी दिसते. ही ओढ नव्हे. हे बहुतेक वेळा टोच्या, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत त्याच्या, सेटिंगचं काम असतं आणि इथे अलाइनमेंटवाल्याकडे जाणं योग्यच आहे.

तिसरं, गाडी भटकते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, सारखं सावरत राहावं लागतं. इथे ढिले सांधे, झिजलेला स्टेअरिंग रॅक किंवा कमी हवा यांचा संशय घ्या.

खरी ओढ असेल तर ती कधी जाणवते ते बघा. सरळ चालताना कायम? फक्त ब्रेक दाबल्यावर? ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला? की डावं वळण घेतल्यावर डावीकडे आणि उजवं घेतल्यावर उजवीकडे? वहीत किंवा फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवा. गॅरेजमध्ये “गाडी ओढते” एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाजानं सुरुवात करतो. “साठच्या वेगाला ब्रेक मारल्यावर उजवीकडे जाते, एरवी सरळ” असं सांगितलं तर त्याचं निम्मं काम तिथंच होतं.

रस्ता आणि वारा

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. आपण डावीकडून चालवतो, म्हणून धडधाकट गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. पुणे-बंगळूर महामार्गावर दोन्ही बाजूंचे रस्ते आपापल्या बाहेरच्या कडेला उतरते आहेत, त्यामुळे पुण्याकडे जाताना डावीकडे आणि परत येतानाही डावीकडेच. लेन बदलूनही फरक पडत नाही. नव्या मालकांच्या तक्रारींतला मोठा वाटा एवढाच असतो. म्हणूनच उजवीकडची ओढ मी जास्त गंभीरपणे घेतो, कारण ती उताराच्या उलट असते.

खात्री करायला रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता हवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतला एखादा रस्ता मी बघतो. कोणी नाही याची खात्री करून ४० च्या आसपास वेगानं आधी रस्त्याच्या डाव्या अंगानं जायचं, मग त्याच दिशेनं उजव्या अंगानं. डावीकडून जाताना डावीकडे आणि उजवीकडून जाताना उजवीकडे सरकली, तर तो रस्त्याचा उतार. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली, तर दोष गाडीत आहे. स्टेअरिंग पूर्ण सोडायचं नाही, हात खाली हलके टेकवून ठेवायचे. ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, तेव्हा महामार्गावर हा प्रयोग अजिबात करू नका.

ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जाऊन रस्त्याला चाकोऱ्या पडतात. चाक चाकोरीत पडलं की गाडी तिच्या कलानं जाते, गाडीचा दोष नसतो. आणि ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर ट्रायल घेऊ नका. जिथे पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत तिथला आडवा वारा कुठलीही गाडी ढकलतो.

हवा

जितका साधा तपास तितका लोकांकडून राहतो. ज्या बाजूच्या पुढच्या टायरमध्ये हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३३ पीएसआय. माप टायर थंड असताना घ्या, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. महामार्गावरून येऊन थेट पंपावर मोजलं तर काटा काही पीएसआय जास्त दाखवतो. स्वतःचा एक गेज घेऊन ठेवा. पंपांवरच्या गेजमध्ये आपापसांत फरक असतो, आणि आपल्याला चारही चाकांची तुलना एकाच गेजवर हवी.

गाडी घ्यायला जाल तेव्हा तर ट्रायलच्या आधीच हवा मोजा. कोरेगाव भागात एका ओळखीच्यासाठी गाडी बघायला गेलो होतो. चालवली तर दोरीत सरळ. मग मोजलं: पुढच्या डाव्या टायरमध्ये ३८, उजव्यात २७. दोन्हींत ३२ करून परत चालवली, तर गाडी डावीकडे अशी निघाली की हात घट्ट धरावा लागला. उजवीकडची हवा कमी ठेवून डावीकडची ओढ झाकली होती. विकणाऱ्यानं मुद्दाम केलं की पंपावरच्या मुलाकडून चुकलं, मला माहीत नाही. पण गेज खिशात नसता, तर त्या माणसानं गाडी घेतली असती.

टायर

आता खाली बसून बघा. पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. जुन्या गाडीत एकीकडे नवा आणि एकीकडे गुळगुळीत टायर हमखास सापडतो, आणि तेवढ्यावरही गाडी ओढू शकते. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षीच्या खाचेत टीडब्ल्यूआयची (TWI, झिजेची खूण) छोटी उंचवटी असते. नक्षी तिच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, टायर संपला.

मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो चुकलाय. टायर फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या कडेनं खाल्ला असेल तर कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या कलण्यावर, संशय घ्या. दोन्ही कडा गेल्या आणि मध्ये नक्षी शिल्लक, तर गाडी कमी हवेवर चालली आहे. आतली कड वरून दिसत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून मागून बघा, नाहीतर फोनचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. विकणाऱ्यानं टायर पुसून चकचकीत केलेले असतात, पण आतल्या कडेला कोणी हात लावत नाही. आणि टायरला कुठं फुगा दिसला तर पुढचं तपासणं थांबवून तो टायर आधी काढा. असा टायर महामार्गावर फुटू शकतो.

कधीकधी टायर बाहेरून ठणठणीत दिसतो, सारखा झिजलेला असतो, तरी आतले पट्टे किंचित तिरके बसल्यामुळे गाडी ओढतो. नव्या टायरमध्येही हे होतं. चहाचा काचेचा ग्लास ओट्यावर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूकडे वळत गोल फिरतो. टायर अगदी थोडासा जरी असा शंकूसारखा झाला, तरी तो तसाच वळायला बघतो. डोळ्यांना हा दोष दिसत नाही. तो ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे अदलाबदल.

पुढचं डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. आधी प्रत्येक चाकावर खडूनं खूण करा. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे आणि बसवताना समोरासमोरचे जोडीनं आवळायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग कितीही घाई असो. त्याआधी टायरवर “रोटेशन” आणि बाण आहे का ते बघा. असेल तर तो टायर एकाच दिशेनं फिरायचा आहे. तेव्हा डावी-उजवी न करता त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करा. हे कुठलंही पंक्चरवालं दुकान वीस मिनिटांत करून देतं.

मग त्याच रस्त्यावर ट्रायल. ओढ डावीची उजवी झाली, तर दोष टायरमध्ये. ओढ नाहीशी झाली, तरीही टायरच. ओढ जशीच्या तशी राहिली, तर टायर सुटला आणि शोध पुढे सरकला. इतक्या कमी खर्चात इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही, आणि तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत.

ब्रेक

भाचीच्या गाडीच्या टायरांची अदलाबदल करून पाहिली, ओढ डावीकडेच राहिली. मग एका सकाळी आम्ही महामार्गानं शेंद्र्याहून वाढे फाट्यापर्यंत आलो. ब्रेकला होता होईल तेवढा पाय लावला नाही. सर्व्हिस रोडला गाडी आपोआप मंदावू दिली आणि उतरून मी उलटा हात रिमजवळ नेला. उजवं पुढचं चाक कोमट. डाव्याजवळ हात धरवेना, आणि करपल्यासारखा वास. “मामा, हा वास मला रोज येतो,” ती म्हणाली, “मला वाटलं रस्त्यावरच्या ट्रकचा असेल.”

घरी आणून पुढची दोन्ही चाकं उचलली. गिअर न्यूट्रल. उजवं चाक हातानं फिरवलं तर दीड फेरा गेलं. डावं हात सोडताच थांबलं. मेकॅनिकनं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक बोटानं हलत होती. दुसरी पान्यानंही हलेना. तिच्यावरचा रबरी बूट फाटलेला, आत पाणी गेलेलं, आणि ग्रीस सुकून गंजात मिसळून तपकिरी खडा झालेला. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, तिरके झिजलेले. आधीच्या मालकाची गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती, हे नंतर कळलं. नवी पिन, नवे बूट, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस आणि दोन्ही बाजूंचे पॅड जोडीनं. ओढ त्याच दिवशी गेली. दोन अलाइनमेंटचे पैसे गेलेच होते, पण मला काळजी त्याची नव्हती. त्या चाकासह ती एकटी रोज खंबाटकी घाटातून ये-जा करत होती.

तपकिरी खडा लक्षात राहू दे, कारण आपल्याकडच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे.

ही परीक्षा घेताना काही पथ्यं आहेत. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा. यवतेश्वरचा घाट उतरून लगेच हात लावाल तर दोन्ही चाकं तापलेलीच असणार. चाक किती गरम यापेक्षा डाव्या-उजव्यात फरक किती, हे बघायचं. डिस्कला बोट लावायचं नाही, भाजतं. मागच्या चाकांचीही तुलना करा. मागे ड्रम असेल तर हँडब्रेकची केबल अडकून एक चाक धरून राहिलेलं असू शकतं.

चाक धरून राहण्याचं आणखी एक कारण मेकॅनिकच्याही नजरेतून सुटतं: ब्रेकची रबरी नळी. बाहेरून चांगली दिसते, पण आतला थर सुटून झडपेसारखा होतो. पायाच्या जोरानं ब्रेक ऑइल पुढे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही. चाक अडकलेलं असताना मेकॅनिकला कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल सोडायची छोटी तोटी) सैल करायला सांगा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दोष नळीत किंवा तिच्या मागे. तरीही अडकलेलंच राहिलं तर कॅलिपर जाम. हे न करता थेट नवा कॅलिपर बसवला आणि दोष नळीत निघाला, तर बराच पैसा उगाच जातो.

इथवर ब्रेक न दाबताही जाणवणाऱ्या ओढीबद्दल झालं. फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल तर हिशेब उलटा लावा. गाडी उजवीकडे गेली तर उजवा ब्रेक धरतोय आणि डावा नीट धरत नाही. म्हणजे दुरुस्ती डावीकडे शोधायची. डावा पिस्टन किंवा पिन जाम, डाव्या पॅडवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलेलं, किंवा लाइनमध्ये हवा. नवशिके नेहमी ज्या बाजूला ओढते तीच बाजू खोलायला सांगतात.

ब्रेक सगळे चांगले निघाले आणि तरी ब्रेक दाबताच गाडी झटका देऊन बाजूला जाते, तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश बघा. बुश फाटला असेल तर ब्रेक लागताक्षणी चाक मागे सरकतं आणि त्या बाजूची दिशाच बदलते.

सांधे आणि स्प्रिंगा

चाक हवेत असताना दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली धरून खटखट लागली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवी धरून लागली तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचा सांधा. बुश तपासायला मेकॅनिक टॉमी (लोखंडी कांब) घालून रेटतो. रबर फाटून धातूला धातू लागतोय का ते स्वतः डोळ्यांनी बघा, नुसतं “बुश गेलेत” ऐकून पैसे देऊ नका.

डावं वळण घेतल्यावर गाडी डावीकडे आणि उजवं घेतल्यावर उजवीकडे ओढत राहत असेल, तर अलाइनमेंट सोडून द्या. स्टेअरिंग आपणहून मध्ये येत नाही, कारण शॉकअपच्या वरचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट झालाय, किंवा स्टेअरिंगचा एखादा सांधा अडकतोय.

सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्यात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे. तुटलेला तुकडा पुष्कळदा तळच्या वाटीत तसाच पडलेला सापडतो.

पिकअप किंवा छोटा हत्ती घेत असाल तर मागचे पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट बघा. बोल्ट सैल झाला किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला तर आख्खा मागचा ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. वाळू, ऊस, विटा वाहिलेल्या गाडीत हे बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

अपघाताची गाडी आहे का?

इथे दोन साध्या युक्त्या. एक ओळंब्याची. चाकं सरळ करून, गाडी सपाट फरशीवर उभी करून, चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि खडूनं खुणा करा. डावीकडचं पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर आणि उजवीकडचं अंतर मोजा. सेंटीमीटरभर फरक आला तर काहीतरी सरकलंय किंवा वाकलंय. गवंड्याच्या थैलीतलं हत्यार इथं मोठ्या यंत्राइतकं काम करतं.

दुसरी पावसाळ्याची. गाडी डबक्यातून काढून कोरड्या रस्त्यावर सरळ चालवायला सांगा आणि मागून ओले पट्टे बघा. मागच्या चाकाचे पट्टे पुढच्यांवर दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवेत. एका बाजूला बाहेर पडत असतील तर मागचा ॲक्सल तिरका आहे.

बाकी खुणा: बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, शॉकअपच्या वरच्या भागाजवळ नव्या वेल्डिंगचे डाग किंवा वेगळा रंग आहे का, सबफ्रेमच्या (लोअर आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात तिच्या) बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का. कागदांत एक जागा बघण्यासारखी असते. विम्यातली नो क्लेम बोनसची टक्केवारी पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० पासून सुरू होऊन ५० पर्यंत जाते. तोच मालक बरीच वर्षं विमा भरतोय आणि तरी ती शून्य दिसली, तर मागच्या वर्षी क्लेम झाला होता का, हे थेट विचारा.

आता अलाइनमेंट

वरचं सगळं झालं, हवा सारखी, टायर ठीक, ब्रेक मोकळे, सांधे घट्ट. आता गाडी मशीनवर चढवा. सेटिंग करण्याआधीच्या आकड्यांचा प्रिंट मागा. बहुतेक ठिकाणी फक्त नंतरचा हिरवागार कागद हातात देतात. दुखणं आधीच्या कागदावर असतं.

आकडे तीन. टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली आहेत का. यानं टायर खातो आणि स्टेअरिंग तिरकं होतं, पण पुढचा टो एकट्यानं गाडी सहसा ओढत नाही. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर कललेलं आहे का. वरच्या बाजूनं जास्त बाहेर कललेलं चाक ज्या बाजूला असेल तिकडे गाडी ओढते, पुन्हा तोच आडवा ग्लास. कास्टर, म्हणजे बाजूनं बघताना स्टेअरिंगचा अक्ष मागे किती कललाय. ज्या बाजूचा कास्टर कमी, तिकडे गाडी जाते. कॅम्बर किंवा कास्टरमध्ये डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाच्या, म्हणजे ३० मिनिटांच्या वर फरक असेल तर ओढीचं कारण तिथंच शोधा.

आणि इथे नव्या मालकाची गफलत होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे फक्त टो फिरवता येतो. कॅम्बर-कास्टरला सेटिंगची सोयच नसते. ते चुकलेले असतील तर लोअर आर्म, शॉकअप किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलेला आहे, किंवा सबफ्रेम जागेवरून सरकली आहे. म्हणून टो फिरवून “झालं काम” म्हणणाऱ्याला विचारा, कॅम्बर-कास्टरचा फरक गेला का? नाही गेला तर काम झालेलं नाही. कुठला भाग वाकलाय ते शोधून बदला आणि मगच पुन्हा अलाइनमेंट करा.

दोन कमी आढळणारी कारणं. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी एका बाजूला जात असेल तर इंजिन माउंट, बुश आणि ड्राइव्ह शाफ्ट तपासा. आणि सगळंच्या सगळं ठीक असूनही ओढ असेल, तर इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा मधला बिंदू हललेला असू शकतो. गाडी उभी असताना इंजिन चालू करा, स्टेअरिंगवरून हात काढा. ते आपणहून फिरलं तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी नेऊन सेन्सर शून्यावर आणून घ्या.

गाडी अजून घेतलेली नसेल तर

टायर, पिना, पॅड, बुश, टाय रॉड एंड: हे सगळं बदलता येतं. मेकॅनिककडून खर्च लिहून घ्या आणि तेवढा किमतीतून कमी करायला सांगा. लाजायचं काही कारण नाही. वाकलेला लोअर आर्म असला तरी विचार करता येतो, पण कशाला धडकून वाकला ते विचारा. शॉकअपच्या वरच्या भागाला वेल्डिंग, दोन्ही बाजूंच्या अंतरात फरक आणि मशीनवर कॅम्बर-कास्टर दोन्ही मापाबाहेर, असं एकत्र दिसलं तर कितीही स्वस्त मिळत असली तरी मी नको म्हणतो. भाव पुढच्या आठवड्यात वाढेल असं सांगितलं तरी.

घेतलेली असेल आणि चाकाला करपल्याचा वास येत असेल, ब्रेक मारताच गाडी बाजूला उडी घेत असेल किंवा बॉल जॉइंट खटखटत असेल, तर ती घाटात नेऊ नका. दुरुस्तीला नेतानाही गावातल्या रस्त्यानं, हळू.

काम झाल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळा. हजार किलोमीटर झाले की पुढच्या टायरांवरून तळहात पुन्हा आडवा फिरवा आणि लांबच्या सपाट रस्त्यानंतर रिमजवळ उलटा हात धरून बघा. भाचीनं परवा फोनवर सांगितलं, दोन्ही चाकं सारखीच कोमट आहेत.